कोकणच्या बाजारातली रानौषधं: कोणती घ्यावीत, कोणती तिथेच ठेवावीत

पाऊस ओसरून उन्हं कडक व्हायला लागली की सावंतवाडी-कुडाळपासून राजापूर-चिपळूणपर्यंतच्या बाजारांत, भाजीवाल्यांच्या ओळीच्या टोकाला, गोणपाटावर रानचा माल दिसू लागतो. कुड्याच्या साली, गुळवेलीचे तुकडे, किराईताच्या जुड्या, मुठेलाचे गोळे, सरबताच्या जुन्या बाटल्यांत भरलेलं करंजेल आणि उंडेल. अलीकडे हाच माल छापील पाकिटांत, ‘नैसर्गिक जंतुनाशक’ अशा शिक्क्यानिशी, पर्यटकांच्या दुकानांतही मांडलेला असतो. हे परीक्षण या मालाचं आहे. प्रत्येक जिनसेबद्दल दोन गोष्टी पाहिल्या आहेत: वनस्पतीत जंतूंवर चालणारं खरंच काही आहे का, आणि असेल तर विकत घेतलेल्या नगात ते शिल्लक राहिलंय का. पहिल्या प्रश्नाला बहुतेक वेळा होकार मिळतो. माल नापास होतो तो दुसऱ्या प्रश्नावर. त्याला भेसळीपेक्षाही चुकीचा भाग, चुकीचा हंगाम आणि अर्धवट वाळवण जास्त कारणीभूत असते.

आधी त्या ‘जंतुनाशक’ शिक्क्याबद्दल. प्रयोगशाळेत जंतू वाढवलेल्या थाळीत वनस्पतीचा अर्क घालतात आणि त्याच्याभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ किती मिलिमीटरचं पडलं ते मोजतात. हा अर्क बहुधा मिथेनॉल किंवा इथेनॉलमध्ये काढलेला असतो. घरी आपण पाण्यात काढा करतो. जे घटक अल्कोहोलमध्ये विरघळतात त्यांतले कितीतरी पाण्यात उतरतच नाहीत, म्हणून थाळीतलं वर्तुळ पाकिटावर छापून काढ्याची हमी देता येत नाही. शिवाय सगळे जंतू सारखे नसतात. ग्रॅम नावाच्या रंगचाचणीने त्यांचे दोन गट पाडतात. गळवं-फोडांत सापडणारा स्टॅफिलोकोकस ग्रॅम-पॉझिटिव्ह गटातला. त्याच्यावर आपल्याकडच्या बऱ्याच वनस्पतींचे अर्क चालतात. ई. कोलाय, सुडोमोनास हे ग्रॅम-निगेटिव्ह. त्यांच्या पेशीला बाहेरून आणखी एक पडदा असतो आणि वनस्पतींतले बरेचसे घटक तिथेच अडतात. ‘सर्व प्रकारच्या जंतूंवर गुणकारी’ असं पाकिटावर दिसलं की विकणाऱ्याला आपल्याच मालाची माहिती नाही असं समजावं.

आता सगळ्यात महत्त्वाचा जिन्नस: कुड्याची साल. कोकणात कुडा परका नाही. त्याच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी होते, मूळ सहाणेवर उगाळून ताकातून देण्याची रीत घराघरांत आहे. पांढऱ्या कुड्याच्या सालीत कॉनेसीन आणि त्याच्या जातीची इतर अल्कलॉइडं (वनस्पतींत तयार होणारी, बहुधा कडू द्रव्यं) असतात. आवेच्या दुखण्याला कारण असणाऱ्या अमीबावर त्यांचा परिणाम जुन्या काळापासून माहीत आहे. कॉनेसीन सुडोमोनासच्या पेशीतला औषध बाहेर फेकणारा पंप अडवतं, असंही अलीकडे प्रयोगशाळेत दिसलं आहे. त्यामुळे या झाडाकडे नव्या नजरेने पाहिलं जातंय. या यादीत परंपरा आणि रसायनशास्त्र दोन्ही ज्याच्या बाजूने उभी आहेत असा हा सगळ्यात भक्कम जिन्नस आहे.

आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तोही इथेच. रानात दोन कुडे असतात. पांढरा कुडा म्हणजे होलारेना, काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोघांची फुलं पांढरी, दोघांना तोडलं की चीक येतो, दोघांच्या शेंगा जोडीने लोंबतात. काळ्या कुड्याच्या सालीत कॉनेसीनची ती ताकद नाही. झाड उभं असेल तर शेंगा बघाव्यात: काळ्या कुड्याच्या जोडशेंगा कोवळेपणी टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या पहिल्यापासून सुट्या. बाजारात मात्र हातात फक्त साल असते. तिथे जीभ हाच खरा तपास. गहू-दाण्याएवढा तुकडा दाताखाली धरून चावावा आणि थुंकून टाकावा. पांढऱ्या कुड्याची साल लगेच कडूजहर लागते, थोडी झोंबते, आणि कडवटपणा बराच वेळ जात नाही. मिळमिळीत कडू लागली तर ती काळ्याची असेल किंवा जुनी, पाणी लागलेली. इंद्रजवाला, म्हणजे कुड्याच्या बियांनाही, हाच नियम: कडू इंद्रजव पांढऱ्या कुड्याचे, गोड इंद्रजव काळ्याचे. दोन्ही एकाच डब्यात मिसळून विकणारे आहेत, म्हणून दहा-बारा दाणे वेगवेगळ्या जागचे उचलून बघावेत.

साल हातात घेतली की तिची आतली बाजू बघा. आत पांढरट लाकडाचा पापुद्रा चिकटलेला असेल तर आपण वजनाने लाकूड विकत घेतोय. कॉनेसीन सालीत असतं, लाकडात फारसं नाही. चांगली साल आतल्या बाजूला वळलेली, बाहेरून तपकिरी आणि खरखरीत असते आणि मोडली की लगेच, कणकण सुटत तुटते. वाकली आणि तंतू निघत राहिले तर ती वाळलेली नाही. बाजारातला मोठा दोष हाच. पावसाच्या शेवटी काढलेली साल चुलीवरच्या फळीवर धुरात अर्धवट सुकवून आणतात. बाहेरून कोरडी, आतून दमट. अशी साल पिशवीत बांधून ठेवली की महिनाभरात आतून करडी बुरशी धरते. कडवटपणा पुष्कळदा तसाच राहतो, त्यामुळे चव घेऊन हे कळत नाही. नाकाला लावून पाहावी. ओल्या गोणपाटाचा वास आला तर परत करावी. फार कोवळ्या झाडाची, बोटाएवढ्या जाडीच्या फांदीची साल घेऊ नये. जाणकार आठ ते बारा वर्षांच्या झाडाची साल पसंत करतात, आणि तीही खोडाची सगळी गोल काढत नाहीत. एका बाजूची पट्टी काढून झाड जगवतात. विकणाऱ्याला एवढं विचारलं तरी तो किती जाणकार आहे ते कळतं.

चूर्ण घेऊ नये, भरड घ्यावी किंवा साल आणून घरी खलबत्त्यात भरडावी. बारीक चूर्णाचा काढा तळाशी बसून करपतो आणि गाळताना फडक्यातून गाळही उतरतो. सालीसारख्या कठीण द्रव्याला सोळापट पाणी आणि ते चौथाईवर आटवणं हे आयुर्वेदातलं नेहमीचं प्रमाण आहे. म्हणजे 20 ग्रॅम भरडीला 320 मिलिलिटर पाणी, मंद आचेवर, झाकण न ठेवता, 80 मिलिलिटर उरेपर्यंत. स्टीलचं किंवा मातीचं भांडं चालेल; अ‍ॅल्युमिनियम आणि कल्हई उडालेलं पितळ नको. काढा त्याच दिवशी संपवावा. सकाळचा काढा संध्याकाळी आंबूस लागला तर त्यात जंतू वाढलेत, मूळ द्रव्य कितीही जंतुनाशक असो. मात्रा वैद्याकडूनच ठरवून घ्यावी. गरोदर बाईला आणि लहान मुलांना हा काढा घरच्या घरी देऊ नये. जुलाबात माणूस दगावतो तो पाणी कमी झाल्याने. तेव्हा आधी जलसंजीवनी, मग कुडा. शौचातून रक्त, ताप, लघवी कमी होणं यांतलं काही दिसलं की काढ्याची वाट न पाहता दवाखाना.

एकूणात कुडा घ्यावा, पण सुटा, चाखून आणि उन्हाळ्यात. पाकिटातलं ‘कुटज चूर्ण’ (कुटज म्हणजे कुडाच) घ्यायचंच असेल तर ते परवाना क्रमांक असलेल्या औषध उत्पादकाचं घ्यावं. त्यापेक्षा तयार कुटजारिष्ट किंवा कुटजघन वटी बरी. तिथे निदान कच्च्या मालाच्या तपासणीची जबाबदारी कोणावर तरी असते.

मुठेलाकडे वळू. जागोजागी याला भिरंडेल, कोकम तेल, कोकम बटर असं म्हणतात. आमसुलांसाठी रातांबे (कोकमाची फळं) फोडल्यावर उरलेल्या बियांपासून ते काढतात. बिया धुऊन, वाळवून, फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, रात्रभर ठेवून वर आलेला थर काढायचा आणि पुन्हा वितळवून हातात गोळा वळायचा. यातली पहिली पायरी चुकली की सगळं बिघडतं. बियांना फळाचा गर चिकटलेला राहिला आणि मे अखेरीच्या दमट हवेत त्या ढिगातच पडून राहिल्या तर आंबतात, आणि तेल काळपट, उग्र वासाचं निघतं. शेवटची पायरी उरकली तर गोळ्यात पाणी अडकतं. म्हणून गोळा विकत घेताना एक फोडून बघायला सांगावं. आत हिरवट ठिपके असतील तर ती बुरशी आहे. चांगल्या गोळ्याचा रंग फिकट पिवळसर किंवा राखाडी झाक असलेला पांढरा, वास जवळजवळ नाही.

भेसळ होते ती डालड्याची किंवा मेणबत्तीच्या मेणाची. मुठेल साधारण 38 ते 42 अंश सेल्सियसला वितळतं, त्यामुळे कोकणातल्या मे महिन्यातही ते घट्ट राहतं आणि सुरी लावली की खडूसारखं तुकडे होऊन तुटतं. दाबल्यावर नुसतं चेपलं तर डालडा मिसळलाय. मेण ओळखायला तुकडा वाटीत ठेवून ती वाटी 45 अंशांच्या पाण्यात धरावी. मुठेल पूर्ण पातळ होतं. मेण त्याहून जास्त उष्णतेला वितळत असल्याने गुठळी राहते. घरात ताप मोजण्याचा काचेचा थर्मामीटर असतो तो या कामाला वापरू नये, 42 अंशांच्या वर गेला की फुटतो. स्वयंपाकघरातला किंवा प्रयोगशाळेतला वापरावा.

मुठेल स्वतः जंतू मारत नाही, हे पाकिटवाल्यांनी नीट समजून घ्यायला हवं. कोकमातलं गार्सिनॉल हे जंतूंवर चांगलं चालणारं द्रव्य आहे. औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसवरही त्याचा परिणाम दिसला आहे. पण ते फळाच्या सालीत असतं. बियांच्या तेलाच्या पाकिटावर गार्सिनॉलचे गोडवे छापणं ही शुद्ध दिशाभूल आहे. सालीतलं गार्सिनॉलही पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून सरबत पिऊन ते पोटात जातं असं धरू नये. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) टिकतं ते मीठ आणि आंबटपणा यांच्या जोरावर. अंगावर पित्त उठल्यावर आमसुलाचं पाणी लावतात ते खाजेला थंडावा म्हणून, जंतूंसाठी नव्हे.

तरीही मुठेल विकत घ्यावंच, कारण त्याचं खरं काम फार मोलाचं आहे. मिरगाच्या आधी टाचांच्या भेगा भरून काढायला याच्यासारखं दुसरं स्वस्त काही नाही. तीन भाग मुठेल आणि एक भाग खोबरेल एकत्र वितळवून डबीत ओतून ठेवावं; नुसता गोळा घासला तर भेगेच्या आत पोचत नाही. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून, पूर्ण कोरडे करून, भेगांत बोटाने दाबून भरावं आणि सुती मोजे घालावेत. ओल्या पायावर लावलं तर आत ओल कोंडते आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या वाढतात. लावणीच्या दिवसांत शेतातल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचे (लेप्टो या पावसाळी तापाचे) जंतू शिरतात ते अशाच फुटलेल्या, सोललेल्या कातडीतून. भेगा बुजल्या तर एक वाट बंद होते. मात्र पायाला मुठेल लावलंय म्हणून लेप्टो टाळण्यासाठी आरोग्य खात्याने दिलेल्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या बाजूला ठेवणं जिवावर बेतू शकतं. हातावरचे ओरखडे आणि डोळे-तोंड या वाटा उघड्याच राहतात.

करंजेल. करंजाच्या बियांचं हे तेल कडू, उग्र वासाचं, तांबूस-तपकिरी. त्यातली करंजिन आणि पोंगामॉल ही द्रव्यं त्वचेच्या जंतूंवर आणि बुरशीवर काही प्रमाणात चालतात. चिखल्यांना एक भाग करंजेल आणि तीन भाग खोबरेल हे मिश्रण पुरतं. नुसतं लावलं तर फुटलेल्या कातडीवर आग होते. पाय धुऊन बेचक्या सुती फडक्याने टिपून कोरड्या केल्यानंतरच लावायचं, नाहीतर काही उपयोग नाही. वास नसलेलं, फिकट पिवळं करंजेल घेऊ नये: ते शुद्ध करताना त्यातले हेच घटक काढून टाकलेले असतात. खरजेवर करंजेल चोळण्याची रीत आहे, पण खरूज हा किड्याचा आजार; घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री डॉक्टरांनी दिलेलं मलम लावल्याशिवाय तो घरातून जात नाही. करंजेल पोटात घ्यायचं नाही, हे बाटलीवर कुठेच लिहिलेलं नसतं. सरबताच्या बाटलीतून विकलेल्या तेलाच्या बाबतीत ही हयगय अक्षम्य आहे. घरी आणल्याबरोबर बाटलीवर ठळक चिठ्ठी चिकटवावी. आणखी एक गोष्ट घाणेवाल्यांसाठी: करंज किंवा उंडी घातल्यानंतर घाणा नीट न धुता खोबरं घातलं तर पहिल्या काही किलोंचं खोबरेल कडू होतं आणि खाण्यालायक राहत नाही. त्यासाठी वेगळा घाणाच हवा.

उंडेल आम्हाला या सगळ्यांत सर्वात कमी ओळखलं गेलेलं वाटतं. किनाऱ्याच्या वाळूत, खाडीकडेला वाढणाऱ्या उंडीच्या गोल बिया पूर्वी दिव्याच्या तेलासाठी गोळा व्हायच्या. परदेशात हेच तेल ‘तमानू’ नावाने लहानशा बाटल्यांतून भारी किमतीला विकतात. त्यात तेलाबरोबर हिरवट राळ असते आणि त्या राळेतच कॅलोफायलोलाइडसारखी जंतूंवर आणि सुजेवर चालणारी द्रव्यं असतात. म्हणून उंडेल गडद हिरवं, जाड आणि थोडं चिकट असायला हवं. शुद्ध करून पारदर्शक केलेलं, पिवळसर, बिनवासाचं ‘तमानू’ म्हणजे सोनं फेकून देऊन विकलेली डबी.

उंडेल चांगलं निघणं वाळवणावर अवलंबून असतं. फोडलेल्या ताज्या बीमधला गर पांढरट असतो आणि त्यातून तेल जेमतेम निघतं. तो गर उन्हात महिना-दोन महिने, रात्री आत घेऊन, रोज उलथून वाळवायचा असतो. हळूहळू तो आक्रसतो, तांबूस-तपकिरी होतो आणि बोटाला चिकट लागू लागतो. तेव्हा कुठे राळ आणि तेल नीट एकत्र येतात. आठवड्याभरात घाण्याला घातलेल्या गराचं तेल फिकट आणि पाणचट येतं, बाटलीच्या तळाशी पाण्याचा थर दिसतो, आणि असं तेल दोन-तीन महिन्यांत खवट होतं. बाटली उलटी करून धरावी: चांगलं उंडेल काचेवरून सावकाश ओघळतं आणि मागे हिरवी झाक ठेवतं.

वापरायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून चोवीस तास वाट पाहावी. राळेमुळे काहींच्या अंगावर पुरळ उठतं, आणि काजू-बदामासारख्या कवचाच्या फळांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर जपूनच. बऱ्या होत आलेल्या, खपली धरलेल्या जखमेच्या वणावर, मुरमांच्या डागांवर, दुखऱ्या सांध्यांवर चोळायला चांगलं. ताज्या, उघड्या जखमेवर आणि भाजल्यावर नाही. तेही पोटात घ्यायचं नसतं. गावातल्या माणसाने स्वतः वाळवून काढलेलं उंडेल मिळालं तर किंमत घासू नये. त्या मेहनतीचं मोल देऊन दोन बाटल्या जास्तच घ्याव्यात.

जखमेचा विषय निघालाच आहे तर दगडीपाला. दगडी, एकदांडी अशी नावं असलेलं हे रोपटं वाटेकडेला कुठेही उगवतं. मुळात मध्य अमेरिकेकडून आलेलं, पण आता इथलंच झालंय. ताजा पाला धुऊन, चुरगळून खरचटल्यावर पिळला की रक्त लवकर थांबतं. त्याची सुकी पूड डबीत भरून ‘जखमेसाठी’ विकायला येऊ लागली आहे. ती घेऊ नका. जमिनीलगतच्या पाल्याबरोबर माती येते, मातीत धनुर्वाताच्या जंतूंची बीजं असतात, आणि ती वाळवल्याने मरत नाहीत. नुसत्या उकळण्यानेही हमखास मरतील असं नाही. अशी पूड खोल जखमेत भरणं म्हणजे नेमकं तेच तिथे पेरणं. रानमोडीच्या पाल्यालाही हेच लागू, शिवाय त्यात यकृताला घातक अशी अल्कलॉइडं असतात, त्यामुळे तिचा रस पिण्याचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नये. कोयती लागली, खिळा रुतला, तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने पाच-दहा मिनिटं धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं.

गुळवेलीचे तुकडे आणि सत्त्व सगळीकडे मिळतात आणि इथे सर्वात जास्त सावध राहायला हवं. जंतुनाशक म्हणून तिची कीर्ती मोठी असली तरी थेट जंतू मारण्याची तिची ताकद माफक आहे. तिच्यातलं कडू द्रव्य उन्हाळ्यात, मे महिन्याच्या सुमाराला जास्तीत जास्त असतं. दिवाळीच्या बाजारात येणारी वेल बहुधा पावसात तोडलेली, पाणीदार आणि कमी कडू. अंगठ्याएवढ्या जाडीचा तुकडा घ्यावा. आडवा कापला की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते आणि वरची पातळ साल कागदासारखी सुटते. खोडावर जाड गाठी-मस असतील तर ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेगळी वेल. पानाच्या मागे लव असेल तर तीही गुळवेल नव्हे. 2021 साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताची सूज नोंदवली, तेव्हा आयुष मंत्रालयाने वेल ओळखण्यात गल्लत झाल्याची शक्यता मांडली होती. वाद बाजूला ठेवला तरी यकृताचा किंवा थायरॉइडसारखा रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित आजार असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ‘कडुनिंबावरची गुळवेल’ म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नयेत; तुकडा पाहून आधाराचं झाड कोणालाच सांगता येत नाही. सत्त्व म्हणजे मुख्यतः वेलीतला पिठूळ भाग, त्यात मक्याचं पीठ सहज मिसळतं. बाजारी सत्त्व घेऊच नये.

किराईताची जुडी घेताना ती झाडून बघा. खाली पानांचा चुरा पडला आणि हातात काड्याच उरल्या तर कामाचा भाग गोणपाटावरच राहिला. किराईतातलं कडू द्रव्य, अँड्रोग्राफोलाइड, पानांत जास्त आणि काड्यांत कमी असतं, आणि झाड फुलावर यायच्या सुमाराला काढलं तर सर्वात जास्त. बोंडं पिकून तडकलेली जुडी उशिरा काढलेली असते. कडूपणामुळे किराईत तापाचं औषध मानतात, पण कोकणातला पावसाळी ताप लेप्टोचा, डेंगीचा किंवा हिवतापाचा असू शकतो. दोन दिवसांत ताप उतरला नाही, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल-पिवळे झाले तर रक्त तपासून घ्यायलाच हवं.

अडुळशाचा पाला विकत घ्यायची गरज नाही, कुंपणाला लावावा. त्यातल्या व्हॅसिसीनपासूनच ब्रोमहेक्सीन आणि अ‍ॅम्ब्रोक्सॉल ही कफाची औषधं आली. गरोदरपणात मात्र अडुळसा नको, व्हॅसिसीनने गर्भाशय आकुंचन पावतो. निर्गुडीचा सावलीत वाळवलेला पाला चुरगळल्यावर वास आला तरच घ्यावा, दळलेली पूड नको. सुगंधी तेल उडून गेलेलं असतं. तिरफळांचंही तेच: आतली काळी बी काढलेली, फुटून उमललेली, जिभेला लगेच मुंग्या आणणारी फळं निवडावीत. प्रयोगशाळेत तिच्या तेलाने जंतू रोखले असतील, पण आपल्याला ती बांगड्याच्या तिखल्यासाठी हवी, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

बिब्बे घ्यायचेच असतील तर हाताळायला चिमटा हवा. त्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, आणि कच्च्या बिब्ब्याचा घरगुती वापर करू नये यावर वैद्य आणि डॉक्टर दोघांचंही एकमत आहे.

सप्तरंगीच्या मुळ्या आणि नरक्याच्या ढलप्या मात्र कितीही आग्रहाने पुढे केल्या तरी घेऊ नका. सप्तरंगी मधुमेहासाठी म्हणून खपते. तिचं मूळ खणलं की सावकाश वाढणारी ती वेल संपते, आणि साखरेच्या गोळ्यांबरोबर घेतली तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. नरक्यात कॅम्पटोथेसिन असतं, ज्यापासून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही कर्करोगाची औषधं तयार होतात. ढलपी उकळून पिण्याने कर्करोग बरा होत नाही. ते पेशी मारणारं विष आहे. त्याच्या लाकडासाठी सिंधुदुर्गाच्या डोंगरांत चोरटी तोड झालेली आहे. आपण एक तुकडा घेतला की पुढचं झाड तोडायला आपणच पैसे देतो.

छापील पाकीट घेताना मागची बाजू वाचा. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं तर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख लागते. ‘फक्त बाह्य वापरासाठी’ असा खुलासा तेलांवर हवा. यांतलं काही नसेल आणि समोरच्या बाजूला मात्र दहा आजारांची यादी असेल, तर ते पाकीट औषध म्हणून विकायचा हक्क त्या दुकानदाराला नाही. गोणपाटावर बसलेल्या मावशींकडे परवाना नसतो, पण ‘हे कुठल्या रानातलं, कधी काढलं, कुठे वाळवलं’ याची उत्तरं त्यांच्याकडे सहसा तयार असतात. ती उत्तरं अडखळत आली तर माल कुठल्यातरी घाऊक व्यापाऱ्याचा आहे असं समजावं.

घरी आणलेल्या साली आणि काड्या उन्हात आणखी दोन-तीन दिवस तापवून, पूर्ण गार झाल्यावर काचेच्या बरणीत भराव्यात. गरम असताना झाकण लावलं की आत वाफ धरते. पाला मात्र सावलीतच सुकवावा. बरणीवर नाव आणि महिना लिहावा. साली वर्षभर, पाला सहा महिने, त्यानंतर खतात. उंडेल आणि करंजेल गडद रंगाच्या बाटलीत, काठोकाठ भरून ठेवावं, कारण बाटलीत हवा राहिली की तेल लवकर खवट होतं. मुठेलाचा गोळा कागदात गुंडाळून कोरड्या फडताळात ठेवला तर पुढच्या मिरगापर्यंत टिकतो. फ्रीजमध्ये ठेवून रोज आत-बाहेर काढला तर त्यावर पाणी सुटतं आणि बुरशीला तेवढंच लागतं.